उत्तरेची तिसरी

सिंकर्स रो, केस्टरलॉ
९ नोव्हेंबर १९६८

इना,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू हे न फोडताच शेगडीत घालशील, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून पत्ता लिझी रटरकडून लिहून घेतला. "मँसफील्डला तुझं कोण गं?" म्हणून तिने तीनदा विचारलं. तिला काय ठाऊक नाही? सगळ्या रांगेला ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय तिचा चहा पचत नाही.

माझ्या राल्फचं पत्र आलं. दीड महिना झाला म्हणे तुमच्याकडे राहतोय. दीड महिना! मला लिहीत होता, खोली बरी आहे, घरमालकीण बरी आहे, जेवण बरं आहे. कुठली घरमालकीण ते सांगायला पठ्ठ्याला सहा पत्रं लागली. तिथल्या खाणीच्या वसतिगृहात त्याचं पटलं नाही, मग तुझा पत्ता शोधत दारात येऊन उभा राहिला, आणि तू त्याला म्हणालीस, "आत ये, बूट काढ." एवढंच. सहा वर्षांनंतर एवढंच. मी ते वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले, चुलीवरचा रस्सा करपेपर्यंत.

त्याला सलगम आवडत नाही, पण वाढलंस तर मुकाट्याने खाईल, म्हणून सांगतेय. मोडलेला पाय गारठ्यात दुखतो. विचारलंस तर नाही म्हणेल. हंसाची चरबी गरम करून चोळायची. पण मी तुला काय शिकवतेय? अकरा दिवसांच्या अंतराने झालेली आपली दोन पोरं, एकाच पत्र्याच्या टबात बसवून चुलीपुढे घासायचो आपण. मी राल्फला आणि तू क्लिफला, नाहीतर उलट. कुणाचं कोण ते बघत कोण होतं!

बघ, लिहिलं क्लिफचं नाव. 

इथलं काय सांगू? खाण बंद झाल्याला दोन वर्षं झाली. खड्ड्याच्या तोंडावरचं मोठं चाक भंगारवाल्याने नेलं, तर सकाळी खिडकीतून बघताना दात पडलेल्या तोंडासारखं दिसतं आभाळ. आपली रांग अजून आहे. वरची रांग गेली. घर रिकामं झालं की त्याच दुपारी कौन्सिलची माणसं कौलं उतरवतात, पुन्हा कुणी शिरू नये म्हणून. तुमच्यानंतरचे भाडेकरू गेले आणि तुमच्या घराचं छत परवा काढलं. तू लावलेला निळा कागद भिंतीवर तसाच होता. पावसात भिजत होता.

माझा जॉस बरा आहे. छातीचं आहे तेच. प्रदर्शनात मांडायला कांदापातीचे मोठे गड्डे लावलेत या वर्षीही, पण ते भरवायला माणसंच नाहीत.

आणि एक. क्लिफच्या वेळी मला ताप होता, इना. एकशे तीन. तेव्हा जॉसने तुला येऊन सांगितलं होतं. तू विश्वास ठेवला नाहीस. ताप होता.

राल्फला लोकरीचे मोजे पाठवतेय, दोन जोड. एक तुझ्या कथबर्टच्या मापाचा निघाला तर त्याला दे.

मेव्हिस


केस्टरलॉ
१५ डिसेंबर १९६८

इना,

उत्तर नाही. नको देऊस. राल्फ लिहितो, मावशीने पत्र वाचलं, घडी घातली, एप्रनच्या खिशात ठेवलं आणि बटाटे सोलायला बसली. मोजे मात्र कथबर्टने घातले म्हणे. तेवढ्यावर मी आठवडा काढला.

परवा कौन्सिलचा एक पोरगा आला होता. हातात यादी, गळ्यात टाय, दाढी नीट आलेली नाही. म्हणाला, "मिसेस हेरॉन, तुमच्या गावापुढे 'ड' लिहिलंय. म्हणजे इथे आता नवीन काही बांधायचं नाही, जुनं दुरुस्त करायचं नाही."

म्हटलं, "बाळा, ते 'ड' तू पाळण्यात असताना लिहिलंय. सतरा वर्षं आम्ही त्या 'ड'च्या खालीच भाकरी भाजतोय. नवीन काय ते सांग."

नवीन हे की मार्चअखेर आपली रांग पाडणार. नव्या शहरात सदनिका देतात. चौथा मजला. बाग नाही, कोळसा ठेवायला जागा नाही, कारण शेगडीच नाही. जॉस आतल्या खोलीतून खोकत म्हणाला, "त्याला विचार, चौथ्या मजल्यावर माझे गड्डे कुठे लावू, बाथटबमध्ये?" पोरगा हसला नाही. त्याने ते यादीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

आपले आजोबा इथे खाणीचा खड्डा खणायला आले, तेव्हा टेकडीवर फक्त मेंढ्या होत्या म्हणायचे. नव्वद वर्षांत तीन रांगा, दोन प्रार्थनाघरं, एक शाळा, एक बॅन्ड, आणि कबरस्तान भरत आलं. आता पुन्हा मेंढ्या येतील. त्यांचं बरं आहे, त्यांना 'ड' वाचता येत नाही.

जॉस बरा नाही, इना. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. उशीला टेकून बसतो, आडवं झालं की गुदमरतो. डॉक्टर येतो, छातीला नळी लावतो, माझ्याकडे बघत नाही. जॉस अर्धा झालाय. आणि सारखा एकच धोशा: "इनाला लिही. तिला सांग, मेव्हिस. मला हे घेऊन जायचं नाही." मी म्हणते, "झोप." मग तो भिंतीकडे तोंड करतो.

क्लिफ गेल्यावर जॉसने युनियनचं सेक्रेटरीपद सोडलं, आठवतं? एकोणीस वर्षं केलेलं काम. खाणीत कुणाला कुठली जागा त्या चिठ्ठ्या निघायच्या दिवशी टोपीत हात घालायचा मान सोडला. त्याच्या बापाचा मान होता तो. लोक म्हणाले, जॉस हेरॉन भला माणूस, मेहुणीच्या पोराचं दुःख त्याला सोसलं नाही. लोकांनी त्याला चांदीचं घड्याळ दिलं. त्याने ते कधी घातलं नाही.

मी आता खोटं लिहिणं सोडणार आहे, निदान थोडं थोडं. मला ताप नव्हता. एकशे तीन नाही, शंभर नाही, काहीच नाही. तू माणूस पाठवलास की मेव्हिसला बोलाव, क्लिफला शेवटचं न्हाऊ घालायचंय, माझ्याने एकटीने होत नाही. मी दाराला आतून कडी लावली आणि पायऱ्यांवर बसले. जॉस तुझ्याकडे गेला आणि तापाचं सांगून आला. आपल्या आईला न्हाऊ घातलं दोघींनी, बाबांना घातलं, आणि तुझ्या पोराला मी आले नाही.

तुम्ही सामानाची गाडी भरलीत त्या दिवशी तू रस्त्यात उभी राहून माझ्या खिडकीकडे बघत ओरडलीस, "सख्खी बहीण ना तू?" मी पडद्याआड होते. सगळं ऐकलं.

का आले नाही ते आज विचारू नकोस. आजच्यापुरतं एवढंच झेपतंय.

मेव्हिस


केस्टरलॉ
२४ जानेवारी १९६९

इना,

जॉसला सोमवारी पोचवलं. राल्फने तुला सांगितलंच असेल.

तुझं हॅम आलं. राल्फ दोन गाड्या बदलून आला, एका हातात बॅग आणि दुसऱ्या काखेत ते कापडात गुंडाळलेलं सात शेर हॅम, लहान मुलासारखं धरून. "मावशी म्हणाली, जॉसला नुसत्या चहा-बिस्किटांवर बोळवायचं नाही. आमच्या माणसाला हॅम वाढूनच पोचवायचं." मी ते टेबलावर ठेवलं आणि भोवती घातलेल्या लवंगा बघत राहिले. आईसारख्या, तिरप्या रांगेत. माझ्या सरळ यायच्या आणि तू हसायचीस.

त्रेपन्न माणसं आली. इतकी माणसं या गावात अजून उरलीत हे मलाच ठाऊक नव्हतं. नव्या शहरातून बस करून आली. लिझी रटर म्हणाली, "हॅम कुणाचं गं?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं." पुरे सहा वर्षांनी म्हटलं. तिच्या हातातला काटा तसाच राहिला.

बॅन्ड नव्हता. तिघंच उरलेत, त्यातल्या एकाला दात नाहीत.

जाताना राल्फने दोन गोष्टी सांगितल्या. एक, तो आणि ती पॉलीन बारा एप्रिलला लग्न करतायत. पोरगी बरी आहे ना? फोटोत फार बारीक दिसते. दुसरी गोष्ट सांगताना तो बुटांकडे बघत होता. "मावशी म्हणते, मागची खोली रिकामी होणार, मी लग्नानंतर वेगळा राहणार. आईला म्हणावं, चौथ्या मजल्यावर कशाला मरतेस. इकडे ये. मावशी म्हणाली, झालं ते झालं, म्हातारपणी दोघी एका शेगडीपुढे बसू."

तू असं म्हणालीस? "झालं ते झालं" असं?

येते, इना. मार्चअखेर येते. सामान फार आणणार नाही. पलंग, आईची घडवंची, जॉसची खुरपी. शनिवारी लिझीकडून पुठ्ठ्याची खोकी आणते. येते मी.

मेव्हिस


केस्टरलॉ
२८ जानेवारी १९६९

इना,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना तुमच्या घरापाशी थांबले. छत नाही, दार नाही. आत तुझ्या शेगडीच्या जागी ओलं गवत. तिथे उभं राहिल्यावर मला कळलं की जे सांगायचंय ते सांगितल्याशिवाय मी तुझ्या शेगडीपुढे बसले, तर मी माणसात जमा नाही. आता सगळं लिहिते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच. मग काय करायचं ते कर.

जानेवारी त्रेसष्ट. तिमाहीची चिठ्ठी होती शनिवारी. तुला ठाऊक आहे चिठ्ठी म्हणजे काय. मॅनेजरने आपल्या मर्जीतल्याला चांगली जागा द्यायची आणि तोंडाळ माणसाला पाण्यात उभं करायचं, हे आपल्या आजोबांनी बंद पाडलं. एका टोपीत जागा, दुसऱ्या टोपीत माणसं. जे निघेल ते तीन महिने. तिथे मॅनेजरचं चालत नाही, देवाचंही चालत नाही. साधुसंताचं पोर असो की चोराचं. चिठ्ठीत हात मारणारा माणूस आपल्याकडे चोराहून खालचा. चोराशी लोक बोलतात तरी.

त्या तिमाहीला जागांमध्ये उत्तरेची तिसरीही होती. सगळ्या रांगेला माहीत होतं. बायका धुणं वाळत घालताना त्याचंच बोलायच्या: छत करकरतं, टेकू दिला की टेकू वाकतो, ती जागा बंदच करायला हवी. कुणीतरी जाणारच होतं तिथे.

राल्फच्या पायाचं प्लास्टर निघून नऊ आठवडे झाले होते. लंगडत होता, तरी नाव टोपीत होतं. इना, त्या छताखाली पळता यायला हवं, आणि माझ्या पोराला जिना चढता येत नव्हता.

शनिवारी सकाळी जॉस कोट घालत होता. मी त्याची बाही धरली. म्हटलं, "त्याला तिसरी देऊ नकोस."

तो म्हणाला, "मी देत नाही, मेव्हिस. टोपी देते."

म्हटलं, "टोपीत हात तुझा असतो ना?"

"तोंड सांभाळ," म्हणाला. तसं तो मला कधी बोलला नव्हता. मी बाही सोडली नाही. म्हटलं, "तुला तुझ्या बापाचा मान मोठा की माझं पोर?" मी रडले नाही. रडले असते तर त्याने ऐकलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी नुसती बाही धरून उभी राहिले. मग तो निघून गेला.

दुपारी दोनला आला. मोरीपाशी उभा राहून हात धुवत राहिला. कितीतरी वेळ.

"झालं?"

"झालं."

"राल्फ?"

"दक्षिणेची पहिली. उंच. कोरडी."

"आणि तिसरी?"

तो साबण लावतच राहिला. "क्लिफला लागली."

मग त्याने सांगितलं. 'उत्तरेची तिसरी' हा कागद निघाला. त्याने माणसांच्या टोपीत हात घातला, चिठ्ठी उघडली, राल्फचं नाव. म्हणाला, "दोन चिकटल्यात," आणि परत टाकली. कुणीतरी ओरडलं, "जॉस, चष्मा बदल आता!" सगळे हसले. पुन्हा हात घातला. क्लिफ. तिसऱ्यांदा हात घालणं शक्य नव्हतं, साठ माणसं बघत होती. आणि क्लिफ पहिल्याच बाकावर बसला होता. तो हसून म्हणाला, "चला, जॉस काका, तुमच्या हाताने निघालीय म्हणजे छतसुद्धा धरून राहील."

त्याने मुद्दाम क्लिफ नाही काढला, इना. एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. त्याने फक्त राल्फ परत टाकला. बाकीचं टोपीने केलं. सहा वर्षं तो हे स्वतःला सांगत होता, आणि सहा वर्षं त्याचा उपयोग झाला नाही.

आता माझं. हे त्याच्यावर ढकलायचं नाही. "क्लिफला लागली" हे ऐकल्यावर मला बरं वाटलं. वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं. मी म्हटलं, "क्लिफचे पाय धड आहेत, तो पळेल." मग मी चहा टाकला. रविवारी तू आलीस, आपण चिंध्यांच्या पायपुसण्याची चौकट मांडून बसलो, तू म्हणालीस, "मेव्हिस, क्लिफला तिसरी लागली गं, मला झोप येत नाही." मी लाल चिंधी कापत म्हटलं, "नशिबाची चिठ्ठी, इना. आपल्या हातात काय?" असं म्हटलं मी. तुझ्या तोंडावर.

अठराव्या दिवशी छत खाली आलं. जोडीदार पुढच्या पाळीचा, म्हणून क्लिफ एकटाच होता. खाणीतून बातमी घेऊन तिघं रस्त्याने येत होते, टोप्या काढून हातात घेतलेल्या. सगळ्या बायका दारात. कुणाच्या दाराशी थांबतात ते बघत. ते माझ्या दारापाशी आले आणि पुढे गेले, आणि मी देवाचे आभार मानले. मोठ्याने. लिझीने ऐकलं. मग ते चार दारं पुढे जाऊन थांबले.

म्हणून मी त्याला न्हाऊ घालायला आले नाही. ती बाही धरणारे हात मी त्याला कसे लावणार होते?

राल्फला यातलं काही ठाऊक नाही. त्याला वाटतं, त्याची जागा चांगली लागली हे त्याचं नशीब आणि क्लिफचं कमनशीब. दर वर्षी फेब्रुवारीत तो क्लिफच्या थडग्यावर जायचा आणि येऊन जेवायचा नाही. तू माझ्याशी काय वाटेल ते कर. पण त्याला घराबाहेर काढू नकोस. त्याने काही केलेलं नाही. तुझ्या घरात पोराला हसू आलंय, त्याच्या पत्रातून दिसतं मला. इथे सहा वर्षं तो हसला नव्हता.

ये म्हणशील तर येईन. नको म्हणशील तर तेही तुझं बरोबर.

मेव्हिस


मँसफील्ड
१६ फेब्रुवारी १९६९

मेव्हिस,

तुझं पत्र मी मागच्या धुण्याच्या खोलीत वाचलं. मग कपडे पिळले. मग पुन्हा वाचलं.

कथबर्टला सांगितलेलं नाही. सांगणार नाही. त्याला वाटतं, पोर खाणीने नेलं. खाणीवर राग धरता येतो, ती आता बंद आहे. जॉसवर धरला तर तो कुठे ठेवेल?

त्या दिवशी राल्फ पाळीवरून आला. मी वाढलं. त्याचं तोंड बघत उभी राहिले. मला त्याचा राग यायला हवा होता. मी फार प्रयत्न केला. तो म्हणाला, "मावशी, अजून एक बटाटा आहे का?" आणि मी दिला. मला त्याचा राग येत नाही, मेव्हिस. तो माझ्या घरात राहील, लग्न करेल, त्याची पोरं माझ्या मांडीवर खेळतील. त्याला हे कधीही कळता कामा नये. तू मेल्यावरसुद्धा नाही. कुठे लिहून ठेवलं असशील तर जाळ.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? पंधरा दिवस हाच विचार करतेय, म्हणून उत्तराला उशीर. कदाचित मीही कथबर्टची बाही धरली असती. पोटचं पोर आहे. तेवढं मला समजतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर चिंध्या कापत "नशिबाची चिठ्ठी" म्हणालीस, ते समजत नाही. अठरा दिवस होते तुझ्याकडे. एका दिवशी येऊन म्हणाली असतीस, "इना, क्लिफला आजारी पाड, कामावर पाठवू नकोस," तर मी त्याचा पाय माझ्या हाताने मोडला असता. अठरा दिवस तू मूग गिळून बसलीस.

आणि तुला बरं वाटलं, हे लिहायला नको होतंस. तुला खरं बोलायचं सुचलं ते फार उशिरा सुचलं, आणि फार जास्त सुचलं. तुझी छाती हलकी झाली असेल. मला आता रोज त्या पोराला जेवायला वाढताना गप्प बसायचंय.

राल्फ वेगळा राहायला गेला की मागच्या खोलीला मी कुलूप लावणार आहे. येऊ नकोस.

लग्नालाही येऊ नकोस. मुलाची आई पहिल्या बाकावर बसते. मला एका लग्नात तिथे बसायचं होतं, ते राहिलं. हे लग्न तू मला दे. मी मागत नाहीये, सांगतेय. राल्फला काय कारण द्यायचं ते तुझं तू बघ. खोटं बोलायचा सराव तुला माझ्यापेक्षा जास्त आहे.

क्लिफचं थडगं आता तुझ्याच वाट्याला आहे. इथून मला येता येत नाही. त्याच्यावरचं गवत काढत जा.

इना


केस्टरलॉ
२ मार्च १९६९

राल्फ बाळा,

तुझी तीन पत्रं आली. आधी बूट काढून बस, मग वाच, म्हणजे चिडून दाराला लाथ मारणार नाहीस.

मी तिकडे राहायला येत नाही. खोकी आणली होती ती लिझीला देऊन टाकली. जन्म या टेकडीवर गेला, आता मेलं कुठे सपाटीवर जाऊन बसू? तिथल्या पाण्याचा चहा कसा लागतो ते तूच लिहिलं होतंस. चौथा मजला बघून आले. वाईट नाही. वारा भरपूर आहे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मान जरा वाकडी केली तर, आपलं कबरस्तान दिसतं. तुझे बाबा तिथे, क्लिफ तिथे. त्यांच्याजवळ कुणीतरी हवं ना. रविवारची बस आहे. मी चौकशी केली आहे.

मावशीला यात ओढू नकोस. तिने फार मनापासून बोलावलं होतं. मीच नाही म्हटलं. तुझी आई हट्टी आहे, हे तुला नवीन नाही.

लग्नालाही माझ्याने येववणार नाही. ओरडू नकोस. गुडघे धरलेत, दोन गाड्या बदलणं होणार नाही, डॉक्टरनेही नको म्हटलंय. आणि बाबांना जाऊन तीन महिनेही झाले नसतील, मी तिथे येऊन डोळे पुसत बसले तर पॉलीनच्या आईला काय वाटेल? लग्नात रडकी बाई नको. आईच्या दोन चादरी पाठवतेय, काठाला भरतकाम केलेल्या. एक तुला आणि एक मावशीला. तिने नको म्हटलं तर तिच्या कपाटात तूच ठेव.

आता नीट ऐक. प्रार्थनाघरात उजव्या हाताला पहिला बाक असतो. मुलाची आई तिथे बसते. ती जागा मी येणार नाही म्हणून मोकळी ठेवायची नाही, समजलं? तिथे इनाला बसव. हाताला धरून ने आणि बसव, सगळ्यांसमोर. कुणी विचारलं तर सांग, आईने सांगितलंय.

तुझी,
आई